रॉकेटचा दुखवटा

जगात कुठं रॉकेट फुटलं, की ते केजमध्ये आमच्या मालकांच्या वरच्या ओठावर कळायचं. मिशी जाग्यावर असली तर अंतराळात सगळं ठीक. मिशी गेली की समजायचं, कुठल्यातरी समुद्राकाठी कुणाचं तरी रॉकेट आभाळात फुटलं. जपानचं असो, रशियाचं असो, नाहीतर आपलं. मालक दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोरच्या सलूनात जाऊन बसायचे आणि एकच शब्द बोलायचे, "काढ." एक साल असं आलं की लागोपाठ फुटतच गेली. त्या साली मिशीला डोकं वर काढायला सवडच मिळाली नाही. शेवटी ती उगवली तेव्हा गल्लीतलं कुत्रं, जे रोज मालकांच्या हातची भाकर खायचं, ते त्यांच्यावर भुंकलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुत्रं अजून आहे, कुणालाही दाखवतो.

मी तेव्हा तिकडं ग्रामसेवक होतो. दोन गावं माझ्याकडं होती आणि दोन्ही गावांना मी नको होतो. म्हणून राहायला केजला, मालकांच्या माडीवरच्या खोलीत. मालक बोअरचे एजंट. म्हणजे मशीन त्यांचं नव्हे. मशीनची गाडी तमिळनाडूची, तिच्यावरची पोरं तिकडचीच. मालकांनी गिऱ्हाईक आणायचं, पाणी बघणारा पानाड्या आणायचा, नारळ आणायचा आणि भोक पडेपर्यंत उभं राहायचं. तीस वर्षांत त्यांनी केज तालुक्यात इतकी भोकं पाडली की दोन बाजूंनी दोघांनी तालुका उचलला असता तर ज्वारीचं पीठ चाळून निघालं असतं. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात तीन बोअर, तिन्ही कोरड्या. तिन्हींवर लोखंडी टोपणं आणि प्रत्येक टोपणावर तुळशीची एकेक कुंडी. भाडेकरूला दिवसाला दोन बादल्या पाणी. तिसरी मागितली की मालक त्या कुंड्यांकडं बोट दाखवायचे.

या माणसाला रॉकेटचा नाद कसा लागला, हे त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी बोअर आणखी पन्नास फूट खोल गेलेली आहे. मूळ गोष्ट अशी. एका गावात तीनशे फुटांवर मशीनचा हॅमर अडकला. हॅमर म्हणजे पाइपाच्या टोकाला दगड फोडणारा लोखंडी ठोकळा. तो अडकला की पाइप वर येत नाही, गाडी हलत नाही, आणि तमाशा बघायला आलेलं गाव हळूहळू घरी जातं. तीन दिवस गाडी तिथंच. तिसऱ्या दिवशी गाडीवरची सगळी पोरं एका मोबाइलभोवती गोळा झाली. मालकांना वाटलं, सिनेमा असेल. बघतात तर रॉकेट उडत होतं. उडालं, वर गेलं, वाकडं झालं आणि फुटलं. तीन दिवस हॅमरसाठी ज्याच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, तो गाडीचा ड्रायव्हर तिथं मातीत बसून रडला.

"मी बघितलं भाऊसाहेब," मालक मला सांगायचे. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात, काम करो न करो. "आमच्यासारकीच माणसं हायेत ती. मधी उभा खांब, भवताली माणसं, नारळ फुटलेला, आन समद्यांच्या माना एका दिशेला. फकस्त त्यांच्या वर, आमच्या खाली."

तेव्हापासून मालकांनी आपणहून एकही उड्डाण चुकवलं नाही. मोबाइलवर थेट दाखवतात ते बघायचे. भाषा कुठलीही असो. चपला काढून, उभं राहून. बोललेलं काही कळायचं नाही, पण माणसं कळायची. नियंत्रण कक्षात एखादा बाबा कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतो, ते बघितलं की मालक म्हणायचे, "गेलं." सांगणाऱ्याच्या आधी यांना कळायचं. आणि रॉकेट नीट गेलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, की मालक लगेच मोबाइल बंद करायचे. "झालं. आता हार घालतेल. आपलं काय काम?"

हा स्वभाव बोअरवरचाच. पाणी लागलं की गाव येतं, पोरं चिखलात नाचतात, सरपंच फोटो काढतो, आणि मालक आपली पिशवी उचलून वाटेला लागतात. बोअर कोरडी गेली की उलटं. चारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा, माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरी, गाव पांगलेलं. मशीनवाल्याला दुसऱ्या गावी जायची घाई. अशा वेळी मालक गाडीच्या चाकापुढं दगड लावायचे. ज्याची बोअर कोरडी गेली त्याच्या घरी सगळ्यांनी चहा प्यायचा, मगच गाडी हलवायची, हा त्यांचा कायदा. मशीनवाला शिव्या द्यायचा, तमिळमध्ये. मालक म्हणायचे, "पाणी लागलं तर गाव येतं. न्हाई लागलं तर बायको तेवढी उभी ऱ्हाती. आपुन बी उभं ऱ्हावं."

रॉकेटवाल्यांना चहा पाजणं शक्य नव्हतं, म्हणून मालक कार्ड टाकायचे. एकच ओळ, "आपल्या दुःखात सहभागी आहोत", खाली सही, केज, जिल्हा बीड. पत्ता असा, "रॉकेट ऑफिस, जपान." एक कार्ड चौदा महिन्यांनी परत आलं. त्याच्यावर इतके शिक्के होते की मूळ ओळ दिसत नव्हती. मालकांनी ते काचेत बसवून ओसरीत लावलं. "त्यांचं रॉकेट गेलं न्हाई," म्हणायचे, "पर माझं कार्ड जग फिरून आलं."

तर मिशीचा नियम. फुटलं, जळालं, समुद्रात पडलं, तर मिशी. पण उपग्रह वर जाऊन चुकीच्या कक्षेत अडकला, म्हणजे जिथं सोडायचा तिथं न सुटता खालीच कुठंतरी फिरत राहिला, तर मिशीला हात लावायचा नाही. यावर ते फार कडक होते. सलूनवाल्याने एकदा अशाच एका उपग्रहाच्या बातमीवर आपणहून वस्तरा उघडला, तर मालक खुर्चीतून उठले. म्हणाले, चुकलेलं म्हंजी मेलेलं न्हाई. नको त्या फाट्यावर उतरलेला पाव्हणा हाय तो. चालत येईल, न्हाईतर तिथंच ऱ्हाईल, पर त्याच्या नावानं आंघोळ करायची न्हाई.

आणि एवढ्या कडक माणसाने एकदा जित्याच्या नावानं मिशी काढली. नुसती मिशीच नाही, दुखवटा घेऊन गेले. आणि मला घेऊन गेले, म्हणून ही गोष्ट मला नीट माहीत आहे.

धारूरच्या अलीकडं घाटात एक धनगरवाडी आहे. तिथल्या एका मेंढपाळाची मुलगी शिकून इंजिनीअर झाली आणि दक्षिणेकडच्या एका खासगी कंपनीत उपग्रहाच्या कामाला लागली. तिची नोकरी लागली तेव्हा धारूरला चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर नेत्यांचे फोटो ताटाएवढे आणि तिचा वाटीएवढा. तिच्या कंपनीचा पहिला उपग्रह कुणा दुसऱ्याच्या रॉकेटवरून जायचा होता. त्या दिवशी मालक नेमके पाहुण्यांच्या लग्नात अडकलेले, मोबाइलची बॅटरी उतरलेली. आयुष्यात चुकलेलं ते एकच उड्डाण. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा वाचला, "उपग्रह मोहीम अपयशी, धारूरच्या लेकीचे स्वप्न भंगले." मालकांनी खालचं वाचलं नाही. सरळ सलूनात.

चार दिवसांनी त्या बाजूचा एक जीपवाला सांगत आला. म्हणे, ती पोरगी गावाकडं आलीया, फोन बंद करून ठेवलाय, कुणाशी बोलना. सकाळी बापासंगं मेंढरामागं जाती आन सांजच्याला येती. आणि चौकातला फ्लेक्स कुणीतरी काढून कडब्याच्या गंजीवर टाकलाय.

मालक रात्रभर झोपले नाहीत, असं ते सांगतात. घोरणं माडीपर्यंत येत होतं, पण ते असो. सकाळी त्यांनी ठरवलं की आपल्याच जिल्ह्यात, मोटरसायकलच्या टप्प्यात, पहिल्यांदा असं घर सापडलंय की जिथं कार्ड टाकायची गरज नाही. जाता येतं. जायचं तर रीतीनं जायचं.

आता रीत अशी. आपल्याकडं कुणाच्या घरी मयत झाली की दहा दिवसांनी सोयरे दुखवटा घेऊन जातात. टोपी, टॉवेल, बाईमाणसाला लुगडं, आणि गोडाचं जेवण. टोपी डोक्यावर ठेवली, गोड घास खाल्ला, की दुःख धरून बसायचं नाही. माणूस उठून कामाला लागतो. चांगली रीत आहे. पण ती मेलेल्या माणसासाठी आहे, हे मी मालकांना सांगून पाहिलं. मालकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनीही सांगून पाहिलं. पुरण वाटता वाटता काकू म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या चुलत्याच्या दुखवट्याला बोअर सोडून आले न्हाईत. रॉकेटाच्या दुखवट्याला माझ्याकडून पोळ्या करून घ्यायलेत." पण केल्या. एकवीस केल्या.

मी नाहीच म्हणणार होतो. मालकांनी महिनाभर तिसरी बादली कबूल केली. मी गाडीला किक मारली.

दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही वाडीत शिरलो. मी पुढं, मागं मालक बिनमिशीचे, त्यांच्या मांडीवर पोळ्यांचा डबा, आणि डब्यावर नवी कोरी पांढरी टोपी, टॉवेल अन् घडीचं लुगडं, जगाला दिसेल असं. पहिल्या घरासमोर एक बाई भांडी घासत होती. तिने टोपी-टॉवेल पाहिला, डोक्यावर पदर घेतला आणि उठली. दुसऱ्या घरातून एक म्हातारा उठला. आम्ही पत्ता विचारत विचारत पोचलो तेव्हा आमच्यामागं तीस माणसं चालत होती. तीसची मी पुढं तीनशे करून सांगतो, पण इथं खरं लिहितो.

घरी पोरीची आई एकटी. नवरा आणि पोरगी पहाटेच मेंढरं घेऊन डोंगरात गेलेली. बाई दारात आली तर दारात दुखवटा. तिने एकदा टोपी पाहिली, एकदा माझ्याकडं पाहिलं. सरकारी माणूस लांबून ओळखू येतो. मग तिने जो हंबरडा फोडला तो धारूरच्या किल्ल्यावर आपटून परत आला.

तिला वाटलं, डोंगरात नवऱ्याचं नाहीतर पोरीचं काहीतरी झालं, सगळ्या जगाला कळलं आणि तिलाच तेवढं राहिलं. मी ओरडून सांगतोय, मावशी, कुणी गेलं नाही, रॉकेट गेलंय. पण बायांनी तिला धरलेलं, कोण ऐकतंय. मालक मात्र अशा प्रसंगी जसं गंभीर उभं राहायचं तसे मान खाली घालून उभे. एका म्हाताऱ्याने त्यांना हळूच विचारलं, कधी झालं? मालक म्हणाले, "आज दहावा."

आई रडता रडता थांबली. "दहावा?" म्हणाली. "आवो, सकाळी तर भाकर बांधून दिली."

तेवढ्यात मेंढरं आली. आरडाओरडा ऐकून बाप कळप घेऊन जवळच्याच उतारावरून परत फिरला होता. साठेक मेंढरं गर्दीत घुसली, माणसं बाजूला झाली, आणि बाप स्वतःच्याच मयतीत पायी चालत आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याने शेजाऱ्याला विचारलं, कोण गेलं रे? शेजारी म्हणाला, "तू."

बापाने क्षणभर विचार केला. खरंच केला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलं न्हाई."

त्याच्यामागं पोरगी होती. तिशीच्या आतली, केस बांधलेले, हातात काठी, अंगात कंपनीचा टीशर्ट, त्याच्या छातीवर उपग्रहाचं चित्र आणि चित्रावर चिखल. आईने दोघांना पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. आता रडणं थांबलं आणि राग सुरू झाला. बाप मालकांपुढं आला. काठी त्याने उचलली नव्हती, नुसती हातातून हातात फिरवत होता. तेच जास्त वाईट.

"माज्या जित्या घरात टोपी आणली," तो म्हणाला. "कामून रं?"

मी गाडी कुठं उभी केलीय ते पाहून ठेवलं. मालक जाग्यावरून हलले नाहीत. म्हणाले, "तुमच्या घरातलं न्हाई पाटील. हिच्या हातातलं गेलंय. जीव लावून वागवलेलं गेलं, आन गावातून एक माणूस बसायला आला न्हाई. फ्लेक्स लावायला आलते. म्हणून मी आलो."

गर्दीतले काहीजण मागं सरकले. त्यातले दोन-तीन जण फ्लेक्सच्या वर्गणीतले होते. मालकांनी टोपी उचलली. एरवी ती बापाच्या डोक्यावर जायची. पण मालकांचा हिशोब सरळ होता, ज्याचं गेलं तो कर्ता. ते पोरीपुढं गेले आणि टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. बाईमाणसाच्या डोक्यावर दुखवट्याची टोपी त्या वाडीने पहिल्यांदा पाहिली. मीही. ती हसेल किंवा रडेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही केलं नाही. टोपी तशीच ठेवून विचारलं, "काका, तुमी कोण?"

"बोअरचा एजंट. केजचा."

"आन ही कशाची टोपी?"

"तुज्या उपग्रहाची. जळाला ना?"

"जळाला न्हाई," ती म्हणाली.

मालकांचा हात नकळत वरच्या ओठावर गेला. तिथं काही नव्हतं. "पेपरात तर..."

"पेपरात अपयशी लिहिलं. जळाला असं कुठं लिहिलं? रॉकेट वरच्या टप्प्यात लवकर बंद पडलं. जिथं सोडायचा त्याच्या लई खाली सोडला त्याला. हाय तो वर. आज सकाळी बी हितून गेला."

तीस माणसांनी वर पाहिलं. मेंढरांनी पाहिलं नाही.

मालकांनी तिच्या डोक्यावरची टोपी एका झटक्यात काढून घेतली. इतकी चपळाई मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. तिची घडी घालून ती खिशात कोंबली, टॉवेल-लुगडं डब्याच्या पिशवीत खुपसलं. आयुष्यात एक नियम पाळला आणि तोच मोडला, असा त्यांचा चेहरा. मग एकदम त्यांचा आवाज चढला. बोअरवर पाइप सटकताना चढायचा तसा.

"बोलतो का तो?"

"बोलतो. रोज बोलतो."

"मंग तू हितं काय करतीस?"

ती पहिल्यांदा खाली बघायला लागली. मग जे तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. उपग्रहात थोडं स्वतःचं इंधन असतं, वर पाच वर्षं जाग्यावर राहण्यासाठी. इतक्या खाली हवा विरळ का होईना, असते. ती त्याला रोज थोडं खाली ओढते. असंच ठेवलं तर महिनाभरात तो खाली येऊन जळणार. वाचवायचा एकच उपाय, पाच वर्षांचं इंधन आताच जाळून त्याला वर चढवायचं. मग तो जगला तर सहा महिने जगणार. आणि ते इंधन कधी, किती, कुठल्या दिशेने जाळायचं, हे काम तिचं होतं. तिने सगळं मांडून ठेवलं होतं. वरिष्ठ म्हणत होते, सोडून द्या, पुढच्याच्या तयारीला लागू. तू खात्री देत असशील तर बघू. ती खात्री न देता गावी आली.

"सहा म्हयने कमी हायेत का?" मालक म्हणाले.

"तसं न्हाई काका." ती थांबली. आई, बाप, अख्खी वाडी ऐकत होती. "माजं गणित चुकलं, उलट्या दिशेला जोर बसला, तर चार दिवसांत जळंल. आत्ता त्याला दुसऱ्यानं मारलं म्हणता येतंय. मग मी मारला असं हुईल."

मला वाटलं, आता मालक धीर देणार, तू हुशार हाईस, जमेल तुला, वगैरे. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते घराच्या ओट्यावर बसले.

"हुईल," म्हणाले. "म्हणतेल लोक. मी तीस वर्षं दुसऱ्याच्या रानात भोकं पाडली पोरी. कोरडं गेलं की म्हणतेत, एजंटानं जागा चुकवली. आन कितींदा चुकवली बी हाय, तुज्यापाशी खोटं कशाला बोलू. माजा एक हॅमर आजून जमिनीत हाय. तीन दिवस वढला, न्हाई निघाला. उलट मीच जास्ती जोर लावला आन पाइप तोडला, असं म्हणणारे हायेत. असंल बी. पर तो अडकलेला असताना मी घरी गेलतो, असं म्हणणारा एक न्हाई."

एक मेंढरू डब्याचा वास घ्यायला आलं. त्याला बापाने काठीने बाजूला केलं, आणि कुणाकडं न बघता विचारलं, धारूरवरून पुढं जायला गाडी किती वाजता असती?

एवढंच विचारलं त्याने. पोरगी घरात गेली आणि दहा मिनिटांत पाठीवर बॅग घेऊन बाहेर आली. आईने पोळ्यांना हात लावायला साफ नकार दिला. दुखवट्याचं अन्न आमच्या घरात नको, म्हणाली. मालकांनी समजावलं की जित्याचा दुखवटा होत नाही, तर पोळी दुखवट्याची कशी? आता ही वाटेची शिदोरी. बराच वाद झाला. शेवटी एकवीसपैकी अठरा वाडीने खाल्ल्या, दोन पोरीने बांधून घेतल्या आणि एक मला मिळाली. भांडायला जमलेल्या माणसांची भूक मोठी असते.

एका गाडीवर तिघं. घाट चढताना माझी गाडी मेंढरासारखी खोकत होती. माथ्यावर रेंज आली. पोरीने गाडी थांबवायला लावली आणि फोन चालू केला. फोन पाच मिनिटं नुसता थरथरत होता, इतके निरोप साठलेले. मग तिने तिच्या वरिष्ठांना फोन लावला आणि रस्त्याच्या कडेला दगडावर उभी राहून अर्धा तास बोलली. इंग्रजी, आकडे, मधेच एखादा मराठी शब्द रागाचा. मालकांनी चपला काढल्या होत्या. ऊन होतं, डांबर तापलेलं. मी म्हणालो, मालक, पाय भाजतील. त्यांनी मला हाताने गप्प केलं. ती मागं वळून म्हणाली, "करू द्यायलेत. माज्या जिम्मेदारीवर." तेव्हा कुठं त्यांनी चपला घातल्या.

तिला धारूरला गाडीत बसवून आम्ही परतलो. वाटेत मालक एकच वाक्य बोलले, की पेपराचा मथळा वाचून मिशी काढणाऱ्या माणसाला कोरड्या बोअरमध्ये टाकला पाहिजे.

उपग्रह वर चढला. एकदम नाही, अठरा दिवस लागले. रोज थोडा जोर, मग थांबायचं, मग बघायचं कुठं पोचलाय. पोरगी मालकांना फोन करायची आणि मालक सकाळी ओसरीत येऊन मला आकडा सांगायचे. खाली मोजायची सवय, म्हणून फुटांत सांगायचे. आकडा इतका मोठा व्हायचा की सांगता सांगता चहा गार होई. तिसऱ्या महिन्यात तिने त्या उपग्रहाने काढलेला आमच्याच भागाचा फोटो पाठवला. मांजरा धरण अंगठ्याएवढं, केज म्हणजे एक करडा ठिपका. मालकांनी भिंग लावून दोन तास बघितला आणि तिला विचारलं, यात बोअरा दिसत न्हाईत का? ती म्हणाली, न्हाई काका, एवढ्या बारीक गोष्टी दिसत न्हाईत. मालकांना ते फारसं आवडलं नाही.

सहा महिने म्हणता म्हणता तो साडेसात महिने चालला. मग इंधन संपलं आणि तो खाली यायला लागला. हे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पोरीने आधी सांगून ठेवलं होतं की आता शेवटचे काही दिवस आहेत. मालकांनी त्या दिवसांत एकही बोअर घेतली नाही. फोन खिशात ठेवायचं सोडून समोर पाटावर ठेवायला लागले.

मी तालुक्याच्या मीटिंगला निघालो होतो. जिना उतरतो तर ओसरीत मालक फोन कानाला लावून बसलेले, काकू शेजारी उभ्या. फोनचा आवाज मोठा असल्यामुळं पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. पोरगी म्हणाली, "काका, गेला."

मालकांनी विचारलं, कधी? ती म्हणाली, सकाळी, सहाच्या पुढं. कुठं? समुद्रावर. तिथं माणूसबिणूस कुणी न्हाई, कुणाला इजा न्हाई. मालकांनी मान हलवली, जणू ती समोर बसली आहे. मग आपल्याकडं अशा वेळी जे विचारतात ते त्यांनी विचारलं.

"जाताना जवळ कोण होतं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मीच होते काका," ती म्हणाली. "त्याचा आवाज बंद हुईस्तोर मी एकटीच होते."

"मंग सोनं झालं त्याचं," मालक म्हणाले, आणि फोन काकूंच्या हातात दिला.